मिठाच्या वखारीतली वास्तुशांत

माधव फेब्रुवारीत गेला. त्या दिवशी गुरुवार होता. सकाळी आम्ही चहा घेतला. त्याने डोंगरीच्या एका घराचा अहवाल वाचला, दोन ठिकाणी खुणा केल्या आणि तो आंघोळीला गेला. बऱ्याच वेळाने मी दार वाजवलं. मग शेजाऱ्यांनी ते तोडलं.

दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा मी आधी नकार दिला होता. लिहायची सवय मला आहे, पण ती अहवालांची. अहवालात ‘मला भीती वाटली’ असं वाक्य चालत नाही. इथे चालेल असं ते म्हणाले. म्हणून माधव गेल्यानंतरच्या माझ्या पहिल्या कामाबद्दल लिहिते आहे. इतकी वर्षं केलेल्या कामांपैकी तेच एक मला रोज आठवतं.

आम्ही नवरा-बायको दोघंही सिव्हिल इंजिनिअर. भाईंदर पश्चिमेला आमचं एका खोलीचं ऑफिस आहे. जुन्या इमारतीत घर घेणाऱ्या माणसाने करारावर सही करण्याआधी आम्हाला बोलवायचं, आम्ही ती इमारत तपासायची, असं हे काम. भिंत हातोडीने हलकेच वाजवायची आणि ऐकायचं. गिलावा भिंतीला धरून असेल तर आवाज घट्ट येतो, सुटला असेल तर डब्यासारखा येतो. लाकडात टोच्या खुपसून पाहायचा. ओल कुठून येते ते शोधायचं. मग लिहून द्यायचं. माधव वाजवायचा, ऐकायचा आणि लोकांशी बोलायचा. मी मोजायचे आणि लिहायचे. ‘हे घर घेऊ नका’ हे वाक्य आमच्या संसारात नेहमी त्यानेच म्हटलं. मी तेव्हा पायऱ्यांवर बसून बूट घालत असायचे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. घोडबंदरच्या एका जुन्या बंगल्यातला मजला घेणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं, येऊ नका, फोटो पाठवतो, त्यावरून सांगा. सगळ्या फोटोंत ते स्वतः हसत उभे होते आणि तडा त्यांच्या पाठीमागे होता. एक बाई म्हणाल्या, अहवालात ‘तडा’ असं लिहू नका, सासरे वाचतात. माधवने विचारलं, मग काय लिहू? त्या म्हणाल्या, रेघ लिहा. त्याने ‘तळहात आत जाईल अशी रेघ’ असं लिहिलं.

हल्ली जुन्या दगडी इमारतींत फ्लॅट पाडायची टूम निघाली आहे. बाहेरून जुनं रूप ठेवायचं, आत मॉड्युलर किचन बसवायचं. घेणाऱ्याला वाटतं, दगडी भिंती म्हणजे निर्धास्त. मोरव्याच्या रस्त्याला असलेली वखार अशीच. मिठागरांचं मीठ होडीने जायचं त्या काळात ते इथे साठवत. हातभर जाड दगडी भिंती, सागाच्या तुळया, वर फळ्यांची जमीन. बिल्डरने तिचे सहा फ्लॅट केले, तीन खाली, तीन वर, आणि दारावर इंग्रजी नाव लावलं. गावातले लोक अजून ‘मिठाची वखार’च म्हणतात.

जिथे पिढ्यान्‌पिढ्या मीठ पडून होतं, तिथे ते भिंतीत मुरलेलं असतं. हवेतलं पाणी ते सतत ओढून घेतं. जुना चुन्याचा गिलावा ते पाणी आत घेतो आणि बाहेर सोडतो, म्हणून भिंत टिकते. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिकचा रंग चढवला की पाणी आत कोंडतं. मग ते जाईल कुठे? भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकात. वरून दिसत काहीच नाही. रंग तर फारच छान दिसतो.

सुनीता कदम यांचा फोन आला तेव्हा माधवचं दिवसकार्य होऊन थोडेच दिवस झाले होते. त्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या धाकट्या भावाने, दिनेश तावडेंनी, वखारीतला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला होता आणि त्याच्या बरोबर खालचा फ्लॅट सुनीताताईंना घ्यायचा होता. तावडे मूळचे रत्नागिरीकडचे. दोघं भावंडं लालबागला भाड्याच्या एका खोलीत वाढली. लग्नानंतर एक मीरा रोडला, एक विरारला. आईला कधी इकडे, कधी तिकडे राहावं लागायचं.

“वर भाऊ, खाली मी. आईला नुसता जिना चढायचा,” त्या म्हणाल्या. “रविवारी दिनेशची वास्तुशांत आहे. खालचा फ्लॅट त्या दिवशी उघडा असणार. तुम्ही दोघं या, बघून घ्या आणि जेवूनच जा.”

मी म्हटलं, “मी एकटीच येईन.” कारण त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

रविवारी गेले तेव्हा खालच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये केटररची माणसं जेवणाची टेबलं मांडत होती. बिल्डरचा विक्रीचा माणूस जिग्नेश किल्ल्या घेऊन उभा होता. वरून मंत्रांचा आवाज आणि तुपाचा वास येत होता. सुनीताताई नऊवारी नेसून धावतपळत खाली आल्या, त्यांच्यामागे सोवळ्यातले तावडे.

“ताई, आजच बोलवायचं होतं का यांना?” ते हसत म्हणाले, पण चेहरा हसरा नव्हता. “मी डोळे मिटून घेतलंय का घर? पाहुणे विचारतायत, हातोडी घेऊन कोण आलंय.”

“अरे, मला घ्यायचंय म्हणून बघतेय. तुझं कोण तपासतंय?”

“खालचं छत म्हणजे माझी जमीनच ना?”

ते वर गेले. जिग्नेशने माझी शिडी उघडून दिली. “मॅडम, टेन्शन नका घेऊ ना. ये तो सौ साल से खडा है.”

“उभी आहे ते दिसतंय मला. कशावर उभी आहे ते बघते.”

तो हसला. मी भिंती वाजवल्या. बऱ्याच ठिकाणी डब्यासारखा आवाज आला. हे अपेक्षितच होतं. मग पूर्वेकडच्या कोपऱ्यात टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर तपकिरी भुकटी दिसली. केटररच्या मुलीने ती पुसली होती आणि ती परत पडली होती. चिमटीत घेऊन पाहिली. लाकूड होतं. नुकतंच कापलेलं.

मी शिडीवर चढून फॉल्स सीलिंगची एक चौकट सरकवली आणि टॉर्च आत घातला. वखारीच्या मोठ्या तुळयांपैकी एक तिथे पूर्वेच्या भिंतीत शिरत होती. फ्लॅट पाडताना मधली भिंत तिच्या अगदी शेजारून उभारली होती, त्यामुळे वरच्या खोलीचा कोपरा नेमका तिच्या टोकावर आला होता. आणि त्या टोकाच्या वर, जिथे काळोख असायला हवा, तिथे उजेड होता.

खोलीची दिशा मनात फिरवून पाहिली आणि कळलं. आग्नेय कोपरा.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. वास्तुशांतीत वास्तुपुरुषाची छोटी धातूची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात जमिनीत ठेवतात. बैठ्या घरात खड्डा खणतात. फ्लॅटमध्ये एक टाइल काढून, खाली थोडंसं कोरून, डबी ठेवून परत टाइल बसवतात. काँक्रीटच्या स्लॅबला त्याने काही होत नाही. इथे टाइलखाली दोन बोटं कोबा होता, त्याखाली फळी आणि फळीखाली तुळई. कुणीतरी गवंड्याला वीतभर खड्डा हवा म्हणून सांगितलं असणार. त्याने सकाळी मशीन लावून वीतभर खड्डा केला होता. अर्धा खड्डा तुळईतच होता.

मी टोच्या तुळईच्या टोकात खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा लाकडाचे ओले, केसांसारखे तंतू त्याला चिकटले होते. तुळईला भिंतीशी बांधणारी लोखंडी पट्टी गंजून पापुद्र्यांची झाली होती. टोक आधीच गेलेलं होतं. जे काही धरून होतं ते वरच्या बाजूचं थोडं चांगलं लाकूड, आणि गवंड्याने आज नेमकं तेच कोरून काढलं होतं.

मी पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली, तुळईवरून सुरू करून भिंतीच्या दगडावर नेलेली. ही आमची जुनी रीत. तुळई हलली तर रेघ तुटते. वर पावलं वाजत होती. कुणी मूल धावलं. मी रेघेकडे बघत राहिले.

रेघेचे दोन तुकडे झाले. तुळईवरचा तुकडा खाली आला होता. फार नाही, खिळ्याच्या जाडीइतका.

“जिग्नेश,” मी शिडीवरूनच म्हटलं, “या खोलीतल्या सगळ्यांना अंगणात न्या. मग जॅक आणा. सेंटरिंगचे.”

“कितने?”

“मिळतील तितके.”

त्याने एकदा वर पाहिलं. तो हसला नाही. केटररच्या माणसांना त्याने “चलो, चलो, बाहर” म्हणत काढलं आणि फोन कानाला लावून पळाला. मोरव्याला त्यांचंच दुसरं बांधकाम चालू होतं, स्लॅबला टेकू द्यायचे लोखंडी जॅक तिथे होते.

तेवढ्यात वरून गुरुजींचा आवाज आला. “आता वास्तुनिक्षेप. सगळ्यांनी जवळ या, दर्शन घ्या.”

म्हणजे आता घरातला प्रत्येक माणूस त्या कोपऱ्यात गोळा होणार.

मी बाहेरच्या काँक्रीटच्या जिन्यापाशी आले आणि तिथे थांबले. हे लिहायला मला वेळ लागला, पण लिहिते. आमच्यात नुकतंच ज्या बाईचा माणूस गेला ती मंगलकार्यात जात नाही. माझा यावर विश्वास नाही, माधवचा तर मुळीच नव्हता. पण विश्वास नसला तरी पाय थांबतात. वर होम चालू होता, सुवासिनी होत्या, आणि मी मंगळसूत्र नसलेल्या गळ्याने तिथे जाऊन ‘हे घर पडेल’ असं म्हणणार होते. वर माणसं सरकल्याचा आवाज आला. मी जिना चढले.

खोली माणसांनी भरली होती. मी दारातून म्हटलं, “सगळ्यांनी बाहेर या.” माझा आवाज मलाही नीट ऐकू आला नाही. एक बाई म्हणाल्या, “बसा ना, तीर्थ घेऊन जा.” ओरडले असते तर सगळे एकदम दाराकडे धावले असते, आणि दाराची सरळ वाट त्या तुळईवरूनच होती. मी भिंतीला धरून गुरुजींपर्यंत गेले. त्यांच्या हातात डबी होती. मी वाकून त्यांच्या कानात सांगितलं, की खालची तुळई मोडते आहे, सगळ्यांना हळूहळू, पलीकडच्या भिंतीच्या कडेने बाहेर काढायला हवं, आणि कोपऱ्यात कुणी जाऊ नये.

ते साठीचे, सडसडीत गृहस्थ होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “किती वेळ आहे?”

“माहीत नाही.”

त्यांनी डबी परत तबकात ठेवली. आवाज जराही न चढवता ते म्हणाले, “यजमान, निक्षेपाआधी सूत्रवेष्टन राहिलंय. वास्तूभोवती सूत गुंडाळायचं आणि पाण्याची धार धरायची. फ्लॅटमध्ये आपण हे आतल्या आत उरकतो, पण ही स्वतंत्र इमारत आहे, इथे बाहेरूनच करायचं. सगळ्यांनी खाली चला. आधी मुलं, मग सुवासिनी. भिंतीच्या कडेने या, मध्ये होम आहे, पदर सांभाळा. ढकलाढकली नको. खाली उतरेपर्यंत बोलायचं नाही.”

“बोलायचं नाही?” कुणीतरी विचारलं.

“मौन,” गुरुजी म्हणाले.

आणि लोक निघाले. एकामागून एक, भिंतीला खांदा घासत, गप्प. पैठण्या, कुर्ते, कडेवरची मुलं. मला फक्त पावलं ऐकू येत होती, आणि पावलांखाली अधूनमधून एक बारीक कुरकूर. तावडे माझ्याजवळून जाताना थांबले. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि ते समजले. “आई,” ते म्हणाले.

आई कोपऱ्यात बसली होती. गुडघे दुखतात म्हणून तिला खुर्ची दिली होती, आणि प्रतिमा ठेवताना नीट दिसावं म्हणून खुर्ची खड्ड्याच्या अगदी जवळ ठेवली होती. तावडे धावले, मी त्यांचा हात धरला. “दोघांचं वजन नको. तुम्ही दारात थांबा.” गुरुजींनी तोवर होमावर दह्याचं पाणी शिंपडलं, अग्नीची क्षमा मागितली आणि तेही भिंतीच्या कडेने निघाले. मी सर्वांत हलकी होते. मी गेले.

“आई, उठा. खाली जायचंय.”

“मी नाय उठत,” ती म्हणाली. “ते सूत-बीत तुम्ही करा. सगळी हयात दुसऱ्याच्या खोलीत गेली माझी. आज पोराच्या घरात बसलेय, बसू दे.”

“आई, ही जमीन धरणार नाही.”

“कोण म्हणतं?”

“मी. माझं कामच आहे ते.”

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “सुनी म्हणाली, नवरा-बायको येतात. तुमचा माणूस कुठाय?”

“गेला. गेल्या महिन्यात.”

दारातून तावडे हलक्या आवाजात “आई, ऊठ ना गं” म्हणत होते. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

“नि तुम्ही एवढ्यात घराबाहेर पडलात?” ती म्हणाली. “कोण नाय घरात दुसरं?”

“नाही.”

“द्या हात,” ती म्हणाली. तिने माझा हात धरला आणि उठली. उठताना खुर्ची सरकली आणि खालून एक आवाज आला, कपाटाचं दार बंद व्हावं तसा. आम्ही दोघी जागच्या जागी थांबलो. मग मी एक पाऊल टाकलं, तिने एक टाकलं. “सावकाश,” ती मला सांगत होती. “घाई नको करू. धर मला नीट.” जसं काही मला उठवून न्यायचं होतं. दारात तावड्यांनी तिला उचललं.

खाली गुरुजींनी खरोखरच सूत्रवेष्टन केलं. वखारीभोवती गवतातून, दगडांतून सगळी माणसं मौनाने चालत होती, पुढे सुताची गुंडी, मागे पाण्याची कळशी. अर्ध्यांना अजून काही कळलं नव्हतं. जिग्नेश टेम्पोतून जॅक घेऊन आला. दोन मिस्त्र्यांना घेऊन मी ते तुळईखाली लावले. शेवटचा जॅक ताणला तेव्हा मी अंगणात येऊन पायरीवर बसले. कुणीतरी मसालेभाताचं ताट हातात दिलं. मी ते सगळं खाल्लं.

तुळई पडली नाही. या कामातली अडचणच ही. आमचं म्हणणं बरोबर ठरलं तर काहीच घडत नाही, आणि काही घडलं नाही म्हटल्यावर आमचं बरोबर होतं याला पुरावा उरत नाही. संध्याकाळपर्यंत तावड्यांचे पाहुणे म्हणू लागले, की एवढं काय होतं, उगाच मंगलकार्य मोडलं. एक बाई माझ्या देखत म्हणाल्या, “सुतकातली बाई घरात आली, मग आणखी काय होणार?” मी ऐकलं. सुतक संपलेलं होतं, पण ते सांगून काय उपयोग.

दुसऱ्या दिवशी फॉल्स सीलिंग काढून मी तावड्यांना तुळईचं टोक दाखवलं. त्यांनी हात लावला, मूठभर लाकूड हातात आलं. त्यांनी मूठ बंद केली.

“मॅडम,” ते म्हणाले, “ताईने तुम्हाला बोलवलं नसतं तर मला कळलं नसतं ना?”

“नाही.”

“मग मी राहिलो असतो इथे.”

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा नीट कळलं नाही, पुढे कळलं. बिल्डर म्हणतो, खड्डा तुम्ही केलात. तावडे म्हणतात, लाकूड आधीच सडलं होतं. दोघंही खरं बोलतात, म्हणून भांडण संपत नाही. बाकीच्या तुळया उघडल्या, तेव्हा आणखी दोन तशाच निघाल्या. सुनीताताईंनी खालचा फ्लॅट घेतला नाही. भाऊ त्यांच्याशी बोलत नाही. माझ्याशी बोलतो. बहिणीने हातोडीवाली बाई आणली नसती तर आपण आज आपल्या घरात राहिलो असतो, असं त्याच्या मनात कुठेतरी बसलं आहे. हे खरं नाही हे त्यालाही कळतं. माधव असता तर त्याने दोघांना एका टेबलाशी बसवून, चहा मागवून काहीतरी केलं असतं. मी सुनीताताईंना फोन करते, आईची चौकशी करते आणि ठेवते. यापुढचं मला येत नाही.

काम मी सोडलेलं नाही. आता भिंतही मीच वाजवते आणि बोलतेही मीच. ‘हे घर घेऊ नका’ हे मला म्हणता येतं. आवाज अजून बारीकच आहे, लोक दोनदा विचारतात, मी दोनदा सांगते.

वखार उभी आहे. वरच्या मजल्यावर कुणी राहत नाही. तावडे मीरा रोडला भाड्याच्या घरात असतात, आई त्यांच्याजवळ आहे. वास्तुपुरुषाची प्रतिमा तिथे देव्हाऱ्याखाली, डबीत तांदळावर ठेवली आहे. आपलं घर होईपर्यंत ती पुरायची नाही, असं गुरुजींनी सांगितलं आहे. तुळईखाली जॅक आहेत, ते घट्ट आहेत की नाही ते मी अधूनमधून जाऊन पाहते. त्या दिवशी त्या खोलीत जी माणसं होती, ती सगळी आहेत.